दरबारा सिंगचा खुराक

सदर इसम नामे दरबारा सिंग वल्द करनैल सिंग, वय चोपन्न, राहणार कर्मन, जिल्हा फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया. उंची पगडीसह सहा फूट. पगडीविना मोजू देण्यास इसमाने नकार दिला. वर्ण गव्हाळ, दाढी बांधलेली. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यावर बेदाण्याच्या कारखान्यातल्या पट्ट्याने केलेला व्रण. मद्यपान करीत नाही. धूम्रपान करीत नाही. जड वाहन चालविण्याचा परवाना नवीन. सदर इसम अफूच्या आहारी गेलेला असून तसे त्याने स्वतःच्या तोंडाने, कोणताही दबाव नसताना, इंग्रजीत कबूल केले आहे.

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळ्याला कर्मनमध्ये हवे तेवढे साक्षीदार मिळाले असते.

कारखाना बंद पडला तेव्हा दरबारा सिंगसमोर दोन गोष्टी होत्या: बदामाच्या गिरणीत धूळ खाणं किंवा ट्रक. आमच्याकडे माणूस पन्नाशी उलटली की ट्रककडे वळतो, जसा इतर ठिकाणी देवाकडे वळतो. दरबारा सिंग देवाकडे आधीच वळलेला होता. दर रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी घासायला तो सगळ्यात आधी हजर असे, आणि लग्नाच्या हॉलमध्ये लोक बाटलीभोवती जमले की हा बायकांच्या बाजूला जाऊन चहा मागे. म्हणून मग ट्रक. ट्रेलर मागे घेण्याच्या परीक्षेत पहिल्यांदा त्याने तीन नारिंगी शंकू चिरडले, दुसऱ्यांदा एकही नाही. परवाना हातात आला, त्या दिवशी बायकोने खीर केली.

बायको नवी होती. पहिली, किरतची आई, जाऊन नऊ वर्षं झालेली. सुखचैन कौरशी लग्न जालंधरला लागलं, पण तिचे कागद यायला पुढे दोन वर्षं गेली, आणि या वसंतात ती खरोखर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. सेहेचाळीस वर्षांची, कमी बोलणारी बाई. लग्न ठरताना मध्यस्थ म्हणाला होता, मुलाची जमीन विचारा, घर विचारा. तिने एवढंच विचारलं, "नशा तर करत नाहीत ना?" तिचा धाकटा भाऊ पांढऱ्या पावडरीने गेला होता. कालव्याच्या कडेला सापडला होता. दरबारा सिंग छातीवर हात ठेवून म्हणाला, "जी, मी चहासुद्धा एकच कप घेतो." हे खोटं होतं, पण फक्त चहापुरतं.

किरत तिला आंटी म्हणे. दुसरा शब्द दोघींनाही अजून सुचला नव्हता. किरत तेवीस वर्षांची, फ्रेझ्नोत चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि घरातलं सगळं इंग्रजी तिच्याकडे. वीजबिलापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत वडिलांच्या वतीने तीच बोलायची. दरबारा सिंगकडे त्याचं स्वतःचं रस्त्याचं इंग्रजी होतं: पाट्या, वजनकाटा, पोलीस आला तर सर, आणि डिझेल. त्याच्यावर परवाना मिळतो.

नोकरी देणार होता मेजर सिंग भुल्लर. मेजर हे त्याचं नाव. सैन्य त्याने फक्त परेडमध्ये पाहिलेलं. 'भुल्लर ब्रदर्स' या त्याच्या कंपनीत भाऊ एकच होता. दुसरा भांडून वेगळा झाला आणि रस्त्याच्या पलीकडे 'भुल्लर अँड ब्रदर' चालवतो. मेजरने दरबारा सिंगला समोर बसवलं, दाराला लावलेला पंखा त्याच्याकडे वळवला आणि नव्या ड्रायव्हरला सांगायचं ते सांगितलं.

"ऐक, दरबारिया. आधी बाटलीत लघवी. ती स्वच्छ निघाल्याशिवाय चावी नाही. हे मी नाही, सरकार म्हणतं."

"निघेल की. त्यात काय असणार?"

"सगळे असंच म्हणतात. दाढदुखीची गोळी तुझ्या नावाच्या चिठ्ठीवर असेल तर चालेल. बायकोच्या चिठ्ठीवरची असेल तर तू गेलास."

"माझ्या दाढा ठीक आहेत."

"झोपेची गोळी?"

"झोपेला गोळी कशाला लागते?"

"गुडघ्याला लावतात ते गांजाचं तेल? ते दुकानात मिळतं म्हणून लोक लावतात. राज्याला चालतं, ट्रकला नाही चालत. ट्रक वॉशिंग्टनच्या कायद्याने पळतो. मागच्या वर्षी एकाने खोकल्याचं औषध पिऊन माझा एक फेरा बुडवला. म्हणून विचारतो. तू काय काय घेतोस?"

"प्रेशरची एक, शुगरची एक. डॉक्टरला दोन्ही सांगितल्यात."

"आणखी?"

"आणखी कुठलंही औषध नाही."

हे दरबारा सिंग मनापासून म्हणाला. त्याच्या मते ते खरंच होतं, कारण गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हरच्या पेटीखाली जी पुडी होती ती औषध नव्हती. तसं हकीमानेच सांगितलं होतं. लग्नानंतर जालंधरहून परतताना दरबारा सिंग मोग्याला उतरला होता, एका नातेवाइकाला भेटायचं म्हणून, आणि नातेवाइकाला न भेटताच निघाला होता. हकीमाने नाडी धरली, वय विचारलं, बायकोचं वय विचारलं आणि समजूतदारपणे मान हलवली. "सरदारजी, ही दवा नव्हे. दवा आजाऱ्याला. तुम्ही कुठे आजारी आहात? हा खुराक आहे." काळ्या, हरभऱ्याएवढ्या गोळ्या. पुडीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, घोड्याखाली हसरं जोडपं, आणि जोडप्याखाली इंग्रजीत, परदेशी गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी, ती कशावर आहे ते ठळक अक्षरांत. आत एक छापील चिठ्ठी, हकीमाचा शिक्का आणि नोंदणीचा क्रमांक. घटकांच्या यादीत केशर पहिलं होतं. अफू आठवी होती, तिच्या संस्कृत नावाने.

खुराक म्हणजे बदाम, खुराक म्हणजे तूप, पहिलवान खातात तो. तो कोण फॉर्मात लिहितो?

बाटलीत लघवी करून आल्यावर दरबारा सिंगने मेजरला गाडीचा नंबर विचारला. मेजरने दाखवली: निळी, आतून पुसलेली, आरशाला आधीच्या ड्रायव्हरची मण्यांची माळ. "ही तुझी," तो म्हणाला. दरबारा सिंग दोनदा तिच्याभोवती फिरला. घरी येऊन त्याने सुखचैनला सांगितलं की पहिला फेरा ओरेगॉनचा आहे आणि वाटेत बर्फाचा डोंगर दिसतो. तीही एखाद दिवस सोबत येईल. सुखचैन म्हणाली, "वाटेत रोट्या कोण करणार?" त्यांच्यातला हा आत्तापर्यंतचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात आनंदाचा संवाद होता.

फोन आला तो मंगळवारी, जेवणाच्या वेळेला. किरतला सुट्टी होती. सुखचैन तव्यापाशी होती. फोनवर तपासणीचे निकाल पाहणारे डॉक्टर लिंडक्विस्ट होते, आवाजावरून सत्तरीचे. ड्रायव्हरशीच बोलायचं आहे म्हणाले. किरतने विचारलं, मी दुभाष्या म्हणून चालेन का? डॉक्टरांनी दरबारा सिंगला विचारलं, चालेल का? दरबारा सिंग म्हणाला, "यस. माय डॉटर." वीजबिलाचं काही असेल असं त्याला वाटलं.

किरतने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"डॅडी, ते म्हणतायत नमुन्यात मॉर्फीन सापडलं."

"ते काय असतं?"

"अफूतनं येतं. ते विचारतायत, कुठल्या डॉक्टरने काही दिलं होतं का? ऑपरेशन, दुखणं, काहीही."

दरबारा सिंगच्या डोळ्यांसमोर घोडा आला. मागच्या पायांवर उभा. मग हकीमाची समजूतदार मान आली. त्याला सगळं एकदम कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की ते सांगायचं तर या टेबलावर, या मुलीच्या तोंडून सांगायला लागेल. गोळी कशाची, असं डॉक्टर विचारणार. किरत ते पंजाबीत विचारणार. आणि तो जे म्हणेल ते तिला इंग्रजीत म्हणावं लागणार, स्पष्ट, दोनदा, कारण म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं.

"नाही," तो म्हणाला. "कुणी काही दिलं नाही."

डॉक्टर सावकाश बोलले. किरत ऐकत राहिली, मग वडिलांकडे न पाहता म्हणाली, "ते म्हणतायत प्रमाण खूप कमी आहे. विचारतायत, खसखस खाल्ली होती का? पावात, मिठाईत? तुम्हाला कशातनं आलं ते माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा, म्हणतायत. डॅडी, आंटी खसखशीची भाजी करतात. करतात ना?"

तव्यापाशी सुखचैनचा हात थांबला. "केली होती की," ती म्हणाली. "बैसाखीला."

सुटायचं दार उघडं होतं. म्हाताऱ्याने ते उघडून धरलं होतं, मुलीने धरलं होतं, बायकोनेही धरलं होतं. ती रोज ठाण्यात जबाब देत असल्यासारखी सरळ उभी होती. पण दरबारा सिंगला त्या तिघांच्या आवाजात एकच गोष्ट ऐकू आली: यांना कळलंय. किरतला कळलंय. गॅरेजमधली पेटी तिनेच तर मागच्या आठवड्यात आवरली होती. आणि आता ते सगळे मिळून त्याची लाज झाकायला खसखस पसरतायत. अंगावर कुणी चादर घालावी आणि त्यामुळेच आपण उघडे आहोत हे समजावं, तसं झालं.

त्याला आजोबा आठवले. गव्हाच्या कापणीच्या वेळी पहाटे, चहाबरोबर, वाटाण्याएवढी. सगळं गाव मान द्यायचं त्यांना. अफू मर्दाचं काम होतं. जमीनवाल्याचं. अफू खाणाऱ्याला कुणी हसत नसे.

तो पुढे वाकला आणि फोनला म्हणाला, "डाक्टर साब! ओपियम! आय ईट ओपियम. मॉर्निंग. विथ टी."

"डॅडी!"

"माय ग्रँडफादर आल्सो," दरबारा सिंग म्हणाला.

 मग डॉक्टरांनी खाकरून काही सांगितलं, आणि किरतने ते शब्दाशब्दाने आणलं. "ते म्हणतायत, सर, तुम्ही हे बोलायला नको होतं. एवढ्याशा प्रमाणावर, दुसरा काही पुरावा नसेल, तर मला सोडून द्यावं लागतं. आता तुम्हीच पुरावा दिलात. ते म्हणतायत, आय ॲम सॉरी."

"थँक्यू सर," दरबारा सिंग म्हणाला. पोलिसाला म्हणतात तसं.

तव्यावरची रोटी जळाली होती. सुखचैनने ती उचलून कचऱ्यात टाकली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत खोलीत गेली.

मेजरला निकाल कळला तो संध्याकाळी, आणि मेजरला कळलं म्हणजे गावाला कळलं. "यार दरबारिया," तो फोनवर म्हणाला, "लोक ट्रक चालवून अफूला लागतात. तू आधीच तयारी करून आलास." मग थोडा हळू आवाजात, "वाईट वाटतंय रे. पण नाव आता देशभरच्या यादीत गेलं. माझा इन्शुरन्सवाला तुला ट्रकच्या सावलीत पण बसू देणार नाही." निळी गाडी दुसऱ्या दिवशी एका टॅक्सी सोडून आलेल्या माणसाला मिळाली. मण्यांची माळ त्याला आवडली, असं ऐकलं.

रविवारी लंगरमध्ये दरबारा सिंग नेहमीच्या जागेवर भांडी घासायला उभा राहिला. आजूबाजूला जागा थोडी मोकळी झाली. म्हातारे मात्र वेगळे वागले. एकाने पाठीवर थाप मारली. दुसरा, सत्तर ओलांडलेला, हिशेब लावल्यासारखा जवळ आला आणि भांड्यांच्या आवाजात कुजबुजला, "मिळते कुठे? माझा माणूस वारला." दरबारा सिंगने त्याला सांगितलं की आता सोडली. म्हाताऱ्याने आदराने मान हलवली.

घरी सुखचैन बोलत नव्हती. जेवण वेळेवर येत होतं, गरम, आणि वाटी ठेवताना आवाज होत नव्हता. बुधवारी तिने माळ्यावरची सुटकेस काढली. त्यात काही भरलं नाही. नुसती पलंगावर ठेवली. दरबारा सिंग दारात उभा राहून त्या सुटकेसकडे बघत होता.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "एकच गोष्ट विचारली होती."

"अफू नव्हती ती."

"तुम्ही डॉक्टरला सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण तेवढं येतं."

"खुराक होता. मोग्याच्या हकीमाचा. त्यात असणार ती."

"कसला खुराक?"

 तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कानांकडे पाहिलं, कारण ते लाल झाले होते.

"कशासाठी?"

"ते... लग्न झाल्यावर... माणूस घेतो."

"कुणी सांगितलं घ्यायला?"

"कुणी नाही."

"मी काही म्हटलं होतं?"

"नाही जी."

"मग?"

 सुखचैनने ओढणीचा पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते त्याला कळेना आणि विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी तिने सुटकेस उचलून त्याच्या हातात दिली. "वर ठेवा. आणि किरतला सांगा, त्या डॉक्टरला परत फोन लावेल."

"ते होणार नाही."

"अफू म्हणताना तोंड उघडलं होतं."

"अफू आमच्या घरात पहिल्यापासून होती," दरबारा सिंग म्हणाला. "हे नव्हतं."

त्याने सुटकेस वर ठेवली. तरी दोन दिवसांनी किरत गॅरेजमध्ये आली. तो फ्रीझरमधून मक्याची पिशवी काढत होता. ती त्याच्याशी न बोलता फ्रीझरशी बोलली.

"डॅडी, मी डॉक्टर लिंडक्विस्टना फोन केला होता. ते म्हणाले, इंडियातल्या कुणी नोंदणीवाल्याने काही औषध दिलं असेल, आणि पुडी आणि चिठ्ठी असेल, तर ते परत बघू शकतात. मी म्हटलं, असू शकेल. काहीही असू शकेल. सांधेदुखीचं असेल."

स्क्रूड्रायव्हरची पेटी तिच्या कोपराजवळ होती. ती तिकडे बघत नव्हती, इतकी की मुद्दाम बघत नाही हे दिसत होतं. दरबारा सिंगला तिची दया आली आणि स्वतःची किळस. पुडी तिथेच होती, चिठ्ठी आत, शिक्क्यासकट. न्यायची म्हणजे हिच्या हातात द्यायची. घोडा, जोडपं, ठळक अक्षरं. सांधेदुखीचं जोडपं इतकं हसत नाही.

निळी गाडी गेली होती, पण नाव यादीतून निघालं असतं तर दुसरी कुठली तरी मिळाली असती. ओरेगॉन तिथेच होतं. बर्फाचा डोंगरही.

"अफूच होती, पुत्त," तो म्हणाला.

किरतने मान हलवली. "ठीक आहे, डॅडी."

"दार लावून जा. घरातला गारवा जातोय."

ती गेल्यावर त्याने पुडी काढली, जोडप्याकडे एकदा पाहिलं आणि ती भाजीच्या सालांबरोबर कचऱ्यात, खोल, हात कोपरापर्यंत घालून दाबली.

नियमाप्रमाणे पुन्हा कधी चाक हातात घ्यायचं असेल तर व्यसनमुक्तीच्या वर्गात बसावं लागतं. सुखचैनने त्याला पाठवलं. गोल खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा, आणि प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची. पहिल्या दिवशी दरबारा सिंग गप्प बसला. वर्ग घेणारी बाई म्हणाली, नकार ही पहिली पायरी असते. दुसऱ्या वेळी त्याने आजोबांची कहाणी सांगितली, 'मी' लावून: कापणी, पहाट, वाटाण्याएवढी गोळी, घरच्यांपासून पेटीखाली लपवलेली पुडी. पेटीपाशी आल्यावर त्याचा आवाज खरोखर फाटला आणि डोळ्यांत पाणी आलं. रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला गेला. दुभाष्या या वेळी अनोळखी होता, त्यामुळे सगळं बरं चाललं.

आता तो बदामाच्या गिरणीत आहे. संध्याकाळी भुवयांवर धूळ घेऊन येतो, सुखचैन दारातच त्याची पगडी झटकते, आणि एवढ्यात तिने त्याला एकदा त्याच्या नावाने हाक मारल्याचं शेजारी सांगतात. मेजर भेटला की म्हणतो, "कागद पूर्ण कर, मग बघू." इन्शुरन्सवाला बघणार नाही हे दोघांना माहीत आहे.

कागद पूर्ण झाला आहे. त्यात म्हटलं आहे की सदर इसम प्रदीर्घ काळ, वंशपरंपरेने, अफूचे नियमित सेवन करीत होता. त्यास आपल्या व्यसनाची पूर्ण जाणीव असून तो कमालीचा प्रामाणिक आहे. त्याने दर्शविलेली लज्जा अस्सल असून सुधारणेस पोषक आहे. पदार्थाचा त्याच्या शरीरावर आणि कौटुंबिक जीवनावर तीव्र परिणाम झाल्याचे दिसून येते.

गोळीचा काहीच गुण आला नव्हता.